एच-१बी, भारतीय पासपोर्ट आणि प्रीचेक: अर्ज नेमका कुठला करायचा?

खिडकीची जागा

नवीन नोकरीत दर पंधरवड्याला नेवार्कहून शिकागोला जावं लागतंय. सोमवारी पहाटेची सिक्युरिटीची रांग बघून पोटात गोळा येतो. शेजारच्या प्रीचेकच्या रांगेतून लोक लॅपटॉप बॅगेतच ठेवून पुढे जातात आणि मी ट्रे गोळा करत बसतो. ऑफिसातले सगळे म्हणतात, 'प्रीचेक घे, पंधरा मिनिटांचं काम आहे.' घ्यायला गेलो तर पहिल्याच पानावर अट: अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, दोघांचेही पासपोर्ट भारतीय. मुलगी इथेच जन्मली, सहा वर्षांची आहे.

एक जण म्हणाला, ग्लोबल एन्ट्री घे. पण ती परदेशातून परत येताना लागते ना? मला त्रास आहे तो जातानाच्या रांगेचा. डिसेंबरात पुण्याला जाणार आहोत आणि येताना आई-बाबा बरोबर असतील, त्यांच्याकडे बी-२ हा पर्यटक व्हिसा आहे. तर माझ्यासारख्याला नक्की काय मिळू शकतं? चौघापाच जणांचे वेगवेगळे अर्ज करायचे की एकात भागतं? ज्यांनी भारतीय पासपोर्टवर हे केलंय त्यांनी कृपया सांगा. नागरिकांचे अनुभव यूट्यूबवर ढीगभर आहेत.

उनाड

क्लिअर घेऊन टाका, संपला विषय.

सोमवारची फ्लाइट

क्लिअरने विषय संपत नाही. ती खासगी कंपनी आहे. ओळखपत्र तपासायच्या रांगेत ती तुम्हाला पुढे नेते, बस्स. त्यानंतर प्रीचेक नसेल तर लॅपटॉप ट्रेमध्ये काढायचाच.

मी सल्लागाराचं काम करते. आठवड्याचे चार दिवस दुसऱ्या गावी असते आणि हे सगळं एच-१बीवर असतानाच केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमची शंका. प्रीचेकचा थेट अर्ज तुम्हाला करता येत नाही, हे तुम्ही बरोबर वाचलंत. पण ग्लोबल एन्ट्रीचा करता येतो. २०१७ पासून भारतीय नागरिकांना तो खुला आहे. तेव्हाचे आपले राजदूत नवतेज सरना यांनी पहिली नोंदणी केली होती. आणि ग्लोबल एन्ट्रीच्या सभासदाला प्रीचेक आपोआप मिळतं. म्हणजे तुमच्यासाठी पुढच्या दाराची किल्ली मागच्या दाराशी ठेवलेली आहे. सध्याची फी १२० डॉलर, मुदत ५ वर्षं. २०२४च्या ऑक्टोबरआधी ती १०० होती. अर्ज नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर ही फी परत मिळते, तेव्हा खिशातलं कार्ड आधी तपासा.

अर्ज सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या कस्टम्स आणि सीमा खात्याच्या, ट्रस्टेड ट्रॅव्हलर पोर्टलवर. पत्ता डॉट गव्हने संपतोय ना, ते डोळ्यांत तेल घालून बघा. गूगलवर वरती येणाऱ्या निम्म्या साइट फॉर्म भरून देण्याचे जादा पैसे उकळतात. मागच्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या आणि सगळे परदेश प्रवास लिहायचे असतात. आपल्यासारख्यांची इथे खरी दमछाक होते. भाड्याची घरं बदललेली, मधेच क्लायंटच्या गावी सहा महिने राहिलेलो, बंगळूरची नोकरी कुठल्या महिन्यात सोडली ते आठवत नाही. शांतपणे एका संध्याकाळी बसून भरा. अर्धवट किंवा चुकीची माहिती हे नकाराचं अधिकृत कारण आहे. मुलाखत त्यामानाने काहीच नाही: पासपोर्ट, राहत्या पत्त्याचा पुरावा, बोटांचे ठसे, फोटो, दोन-चार प्रश्न.

आता भारतीय पासपोर्टवाल्यांचं जास्तीचं काम. आपली पडताळणी भारत सरकारही करतं. त्यासाठी पासपोर्ट सेवा पोर्टलवर ग्लोबल एन्ट्रीच्या पार्श्वभूमी पडताळणीचा वेगळा अर्ज आहे. तिकडे तो जीईपी नावाने दिसेल. पुष्कळ लोक सीबीपीचे पैसे भरून निवांत बसतात आणि मग महिनोन्‌महिने 'प्रलंबित' हाच शब्द बघत राहतात. गावच्या पत्त्यावर पोलीस चौकशीला आलेच तर घरच्यांना माहीत असू द्या. नाहीतर 'तो इथे राहत नाही' एवढंच सांगून दार लावून घेतील.

सीबीपीकडून सशर्त मंजुरी येते. कुणाला ती दोन आठवड्यांत मिळते, कुणाला वर्ष लागतं, त्यात काही ताळमेळ नाही. मंजुरीनंतर मुलाखतीची वेळ शोधत बसू नका. परदेशातून अमेरिकेत उतरताना, इमिग्रेशनच्या वेळीच मुलाखत उरकता येते. तिला एनरोलमेंट ऑन अरायव्हल म्हणतात. अपॉइंटमेंट लागत नाही. नेवार्क आणि जेएफके दोन्हीकडे सोय आहे, तेव्हा डिसेंबरच्या प्रवासाआधी मंजुरी हातात पडेल या बेताने आजच अर्ज टाका. फक्त तिकीट काढताना एक बघा. अबूधाबीला अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं. तिकडून आलात तर इथे देशातल्या देशात आल्यासारखे बाहेर पडाल आणि इथे उतरल्यावर मुलाखत देता येणार नाही.

कुटुंबाचं: बायकोचा अर्ज वेगळा, पडताळणी वेगळी. तुमच्या सभासदत्वावर तिला काही मिळत नाही. मुलीचं गणित गमतीचं आहे. जाताना तुमच्या बोर्डिंग पासवर प्रीचेक असेल तर १२ वर्षांपर्यंतचं मूल तुमच्याबरोबर त्या रांगेतून जातं, तिला काहीच लागत नाही. पण परत येताना ग्लोबल एन्ट्रीत अगदी तान्ह्या बाळालाही स्वतःचं सभासदत्व लागतं. ते नसेल तर तुम्ही दोघं सभासद असूनही तिच्याबरोबर साध्या रांगेत उभे राहणार. आई-वडील सभासद असतील किंवा बरोबरीने अर्ज करत असतील तर १८ वर्षांखालच्यांना फी नाही. करून टाका. तिच्या मुलाखतीला तुमच्यापैकी एक जण हवा.

आई-बाबांसाठी मी नाही करणार. त्यांना करता येतो, भारतीय नागरिक आहेत. पण दोन वर्षांतून एकदा येणाऱ्यासाठी एवढी कागदपत्रं कशाला? व्हीलचेअर सांगितली असेल तर मदतनीस त्यांना वेगळ्या रांगेतून नेतोच.

हो, आणि प्रीचेकमध्ये बूट काढावे लागत नाहीत, हे कौतुक आता जुनं झालं. ८ जुलै २०२५ पासून बूट काढायचा नियम सगळ्यांसाठीच गेला. प्रीचेकचा फायदा उरतो तो एवढाच: लॅपटॉप, द्रवपदार्थांची पिशवी, पट्टा आणि पातळ जाकीट काढावं लागत नाही. आणि छोटी रांग, जी मला सगळ्यात मोलाची वाटते.

खिडकीची जागा

ताई, एवढं सगळं एका जागी कुठेच मिळालं नव्हतं. अर्ज आज रात्रीच भरायला घेतो. दोन शंका. माझ्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात माझं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही आहेत, पण एअरलाइनच्या खात्यात नुसतं माझं नाव आणि आडनाव आहे. हे चालेल का? आणि ते कार्ड पोस्टाने किती दिवसांत येतं?

सोमवारची फ्लाइट

कार्ड येणार नाही, वाट बघू नका. ते नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि मेक्सिकन नागरिकांना मिळतं. तुमचा नऊ अंकी पासआयडी पोर्टलच्या डॅशबोर्डवर दिसेल, तोच तुमचा नोन ट्रॅव्हलर नंबर. एअरलाइनच्या प्रोफाइलमध्ये तो टाकायचा. ऑफिसच्या ट्रॅव्हल पोर्टलवर वेगळा टाकायचा, कारण तिथून काढलेल्या तिकिटावर एअरलाइनचं प्रोफाइल पोचेलच असं नाही. बोर्डिंग पासवर प्रीचेक छापलेलं नसेल तर त्या रांगेत कुणी उभं करत नाही. नंबर कितीही तोंडपाठ असो.

आणि तुमच्या नावाचा मुद्दाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. मराठी माणसांचं प्रीचेक अडतं ते बहुतेक वेळा इथे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी आपली तीन पदरी रचना. पासपोर्टमध्ये पहिली दोन एकाच रकान्यात. इथल्या फॉर्मवर मात्र फर्स्ट, मिडल, लास्ट असे तीन कप्पे. मग बँकेत एक नाव, लायसन्सवर दुसरं, विमानाच्या तिकिटावर तिसरं. सरकारी यंत्रणा तिकिटावरचं नाव, जन्मतारीख आणि नंबर तुमच्या नोंदीशी ताडून बघते. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसरीकडे नाही, तर जुळणी फसू शकते. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच भरा आणि एअरलाइनच्या खात्यात वडिलांच्या नावासकट तसंच दुरुस्त करून घ्या. बोर्डिंग पासवर दोन्ही नावं एकमेकांना चिकटून छापली जातील, त्याची काळजी नको.

बायकोने लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं असेल तर आधीचं नावही अर्जात मागतात. ते गाळू नये. पुढे पासपोर्ट नवा झाला की पोर्टलवर नवा नंबर चढवायचा, हे तर लोक हमखास विसरतात.

पिंपळपार

मी बोस्टनला असतो. वरच्या सगळ्याला अनुमोदन. एक भर घालतो, कारण डिसेंबरात आई-बाबा येणार म्हणजे बॅगा भरूनच येणार.

ग्लोबल एन्ट्री मिळण्यापेक्षा टिकवणं अवघड आहे, तेही आपल्या खाण्यापायी. कस्टम्स किंवा शेतीमालाच्या नियमांचा भंग झाला तर अर्ज नाकारला जातो आणि असलेलं सभासदत्व रद्द होऊ शकतं. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचं असंच गेलं. बॅगेत कढीपत्त्याची जुडी होती, घोषित केलेली नव्हती. पहिल्या खेपेला घरगुती मालासाठी साधारण ३०० डॉलर दंड होतो, पण त्यांना दंडापेक्षा सभासदत्व गेल्याचं दुःख जास्त.

लोकांना हा नुसता छळ वाटतो, पण त्यामागे कारण आहे. कढीपत्त्यावर एक बारीक कीड वाढते, ती लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंग नावाचा रोग लावते. फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागा त्या रोगाने उजाड झाल्या आहेत. आंबेमोहोर तांदूळही आणू नका. खापरा भुंगेरा या साठवलेल्या धान्यातल्या किडीच्या भीतीने भारतातून तांदूळ आणि हरभरे सामानातून आणायला बंदी आहे. हापूसही सामानातून येत नाही. २००७ पासून भारतीय आंबे इथे येतात ते विकिरण करून, व्यापारी मालात.

भाकरवडीची सीलबंद पाकिटं, मसाले, लाडू यांना सहसा कुणी हरकत घेत नाही. पण बॅगेत खायचं काहीही असलं तरी अधिकाऱ्याला स्वतःहून सांगायचं. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ते काढून घेतात, दंड नाही. न सांगितलेली सापडली तर वर लिहिलंय ते होतं. आई बॅगेच्या तळाशी काय ठेवते हे शेवटच्या रात्री स्वतः बघा. ती तुम्हाला सांगणार नाही.

उनाड

भारतातही असलं काहीतरी सुरू झालंय ना? मुंबईला उतरल्यावर कामाला येईल.

पिंपळपार

हो, फास्ट ट्रॅक इमिग्रेशन. २२ जून २०२४ला दिल्लीत सुरू झालं आणि १६ जानेवारी २०२५ला मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आलं. भारतीय नागरिक आणि ओसीआयवाल्यांसाठी (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे कार्डधारक) आहे. अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर, पडताळणी झाली की ठसे आणि फोटो विमानतळावर किंवा एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात द्यायचे. मग ई-गेटमधून जायचं. फी ठेवलेली नाही. मुदत ५ वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी होईल ते. १२ वर्षांखालच्यांना नाही. तशीही यांची मुलगी अमेरिकन पासपोर्टवर आहे, ओसीआय असलं तरी वयामुळे अडेल. आणि हे फक्त इमिग्रेशनपुरतं. सीआयएसएफची सुरक्षा तपासणी सगळ्यांना सारखीच, तिथे लॅपटॉप बाहेर काढायचा.

खिडकीची जागा

सीबीपीचा अर्ज भरून पैसे भरले. बायकोचा आणि मुलीचाही टाकला. पासपोर्ट सेवेचं खातं उघडताना जुना पासवर्ड आठवेना, ते उद्या. आईला फोन करून कढीपत्त्याचं सांगितलं तर म्हणते, 'मग वाळवून आणते.'

पिंपळपार

वाळवूनही नाही.