एच-अल्फा दुर्बिणीतून नुसती लाल चकती दिसून राहिली, ज्वाळा कुठे आहेत?

प्रतापनगर_गच्ची

नमस्कार मंडळी. मामांच्या एका मित्राने त्यांची ४० मिमीची एच-अल्फा दुर्बीण (सूर्य फक्त हायड्रोजनच्या लाल रंगात दाखवणारी) पंधरा दिवसांसाठी वापरायला दिली आहे. इतकी महागाची वस्तू विश्वासाने दिली म्हणून मी तिला लेकरासारखं जपून राहिलो. पण तीन दिवस झाले, लंच ब्रेकमध्ये घरी येतो, गच्चीवर लावतो आणि दिसते काय तर सपाट लाल चकती, बस. कडेला काहीच नाही. लोकांच्या फोटोत कमानी काय, कारंजी काय, आणि मले एक केस पण दिसत नाही. माझ्या साध्या ८० मिमीच्या दुर्बिणीला पुढून सोलर फिल्म लावली की सौरडाग मात्र एकदम स्वच्छ दिसतात, म्हणजे डोळे ठीक आहेत. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे, मुलीच्या वर्गातल्या पोरांना सूर्यावरचे स्फोट दाखवतो म्हणून शब्द देऊन बसलो. दुर्बीण बिघडली का, की सूर्यच शांत आहे, की माझं काही चुकून राहिलं? आणि ते जेट म्हणतात ते यातून दिसतात का?

अंबाझरी_आकाश

भाऊ, दुर्बीण ठीक असेल, घाबरू नका. पहिली चूक वेळेची आहे. दुपारी एक वाजता आपल्या नागपूरची गच्ची म्हणजे तवा, स्लॅबवरून गरम हवा उठते आणि ती सगळी तुमच्या भिंगासमोरून जाते, मग बारीक तपशील पुसूनच जातो. सकाळी साडेआठ ते दहा बसा. गच्चीपेक्षा गवत बरं, आणि त्याहून बरं म्हणजे पाणी, अंबाझरी किंवा फुटाळ्याला सूर्य पाण्यावरून दिसेल असा काठ धरा. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली ती हौस म्हणून नाही, पाण्यावरची हवा दिवसा शांत राहते म्हणून.

दुसरं, नळीवर जी फिरणारी रिंग आहे ती तुम्ही फिरवली का? माझा अंदाज आहे की नाही फिरवली. ही दुर्बीण हायड्रोजनचा एकच लाल रंग आत सोडते, ६५६.२८ नॅनोमीटर, आणि त्याच्या आजूबाजूचा अगदी चिंचोळा पट्टा. रिंग जरा इकडेतिकडे असली की तुम्ही खालचा साधा पृष्ठभाग पाहत बसता, म्हणजे फिल्ममधून दिसतो तोच, फक्त लाल. हळूहळू फिरवा, एकेक केसभर. रिंग एका जागी आली आणि चकती संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत दिसायला लागली आणि त्यावर काळे धागे दिसले की थांबा. ते काळे धागे म्हणजेच प्रॉमिनन्स, तुम्ही शोधताय त्या ज्वाळा बरं का, चकतीवर असले की काळे दिसतात म्हणून त्यांना फिलामेंट म्हणतात, कडेला आले की मागे काळं आकाश मिळतं आणि तीच वस्तू पेटल्यासारखी उजळ दिसते. दोन नावं, वस्तू एक.

तिसरं म्हणजे डोक्यावर जाड काळा कपडा घ्या, जुन्या फोटोग्राफरसारखा. कडेचे प्रॉमिनन्स चकतीच्या मानाने फार फिके असतात, भर उन्हात बाहुली आकसलेली असताना ते कसे दिसणार? कपड्यात शिरून दोन-तीन मिनिटं नुसतं बसा. मग सूर्य सरकवून अर्धी चकती नजरेच्या बाहेर ठेवा आणि फक्त कड पहा. मी पहिला प्रॉमिनन्स असाच पाहिला होता, सहा महिने हात चालवल्यानंतर, आणि त्या दिवशी जेवायचं भानच राहिलं नाही.

शिक्षिका_धरमपेठ

दादा, पोरं येणार आहेत म्हणून आधी हे वाचा. ८० मिमीवरची फिल्म दर वेळी उजेडासमोर धरून टाचणीएवढं छिद्र पडलं का ते बघायचं, आणि चिकटपट्टीने पक्की करायची, वाऱ्याने उडाली तर दुसरी संधी नसते. बाजूच्या छोट्या फाईंडरला (नेम धरायच्या दुर्बिणीला) झाकण लावायचं किंवा तो काढूनच ठेवायचा. आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) स्क्रूने बसतो तो काळा काचेचा फिल्टर कुठे मिळाला तर फेकून द्या, आमच्याकडच्या एका जुन्या दुर्बिणीत तो उन्हाने तडकला होता, नशीब की तेव्हा डोळा लावलेला नव्हता. दोन्ही दुर्बिणींपाशी एकेक मोठं माणूस उभं पाहिजेच.

आणि पोरांना १८६८ ची गोष्ट नक्की सांगा. १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणात जान्सेन नावाचा फ्रेंच खगोलज्ञ आंध्रातल्या गुंटूरला होता, त्याने प्रॉमिनन्सचा प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमधून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रातून पाहिला, त्या रेषा इतक्या तेजस्वी निघाल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसताना त्याने त्या परत शोधून काढल्या. म्हणजे एकच रंग निवडून पाहण्याची युक्ती, जी आज दादांच्या दुर्बिणीत आहे, तिची सुरुवात आपल्या देशात झाली. प्रॉमिनन्सच्या अशाच प्रकाशात हेलियम सापडला, तो विजयदुर्गाच्या साहेबाच्या कट्ट्यावर लॉकयर नावाच्या इंग्रज खगोलज्ञाने शोधला असं आपल्याकडे फॉरवर्ड फिरतं, पण लॉकयरने स्वतःचं निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केलं होतं. पोरांना खरं तेच सांगू या, तेही काही कमी सुंदर नाही.

वर्धारोड_सूर्यवेडा

जेटबद्दल बोलतो. कोरोनातले, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणातले, जे जेट (वायूच्या धारा) असतात ते लाखो अंशांचे तप्त, ते क्ष-किरण आणि अतिनील प्रकाशात दिसतात, जमिनीवरून आपल्याले नाही दिसणार. पण त्यांचा थंड भाऊबंद दिसतो, त्याले सर्ज म्हणतात. सौरडागांच्या आसपास चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि हायड्रोजनची धार सरळ वर फेकली जाते, दहा-वीस मिनिटांत वर जाऊन बहुतेक वेळा त्याच वाटेने खाली येते. म्हणून कडेला आलेला किंवा कडेवरून चाललेला डागांचा गट पकडा आणि तिथून हलू नका. शांत प्रॉमिनन्स दिवसचे दिवस तसाच राहतो, सर्ज मात्र चहा करून येईपर्यंत संपलेला असतो.

सकाळी निघायच्या आधी मोबाईलवर नासाच्या एसडीओ या सूर्य पाहणाऱ्या यानाचे ताजे फोटो पहा, ३०४ अँगस्ट्रॉमचा (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) अतिनील फोटो उघडला की कोणत्या कडेला काय आहे ते कळते. गाँग या जगभरच्या सौर दुर्बिणींच्या नेटवर्कचे एच-अल्फा फोटो तर तुमच्या आयपीससारखेच असतात, त्यांच्या सहा केंद्रांपैकी एक उदयपूरलाच आहे. आणि आपल्या आदित्य-एल१ वर सूट नावाचा कॅमेरा आहे, पुण्याच्या आयुकाने बनवलेला, तो पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूर बसून २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये पूर्ण सूर्य टिपून राहिला. हे पोरांना छापून दाखवा.

मे २०२४ मध्ये तो ३६६४ नंबरचा डागांचा गट होता, ग्रहणाच्या चष्म्यातून साध्या डोळ्यांना दिसायचा, त्यातून आलेल्या चुंबकीय वादळाने लडाखमध्ये हानलेचं आकाश लाल झालं होतं. तेव्हा मी इथे घामाने चिंब होऊन रोज पाहत होतो, अजून डोळ्यांसमोर आहे.

प्रतापनगर_गच्ची

मंडळी, दिसलं!! काल सकाळी पावणेनऊला काळी चादर घेऊन फुटाळ्यावर गेलो. रिंग सव्वा वळसा फिरवावी लागली. सालीसारखी खरखरीत चकती, मधे एक वाकडा काळा धागा, आणि डाव्या कडेला दोन छोट्या ज्वाळा. तोंडातून आवाजच निघाला, फिरायला आलेले काका थांबले, त्यांनाही दाखवलं, मग त्यांच्या मागे रांगच लागली. आज तर डागांच्या गटाजवळ कडेला ९:०५ ला एक सुई दिसली. कागदावर १० सेंटीमीटरचं वर्तुळ आधीच काढून नेलं होतं, त्यावर दर पाच मिनिटांनी चितारत गेलो. ९:२५ ला ती ३ मिलीमीटर वर होती, ९:४५ ला गायब. हाच सर्ज का?

वर्धारोड_सूर्यवेडा

हाव, वर्णन तर सर्जचंच आहे, अभिनंदन भाऊ! आता हिशोब करा. सूर्याचा व्यास साधारण १३.९ लाख किमी, म्हणजे तुमच्या कागदावर १ मिमी म्हणजे १३,९०० किमी, आपली पृथ्वी १२,७४२ किमीची आहे. वीस मिनिटांत ३ मिमी, म्हणजे जवळपास ४१,७०० किमी, सेकंदाला ३५ किमी झाले. सूर्यावरून सुटायला सेकंदाला ६१८ किमी लागतात, म्हणून ते खाली आलं. आणि ही गती फक्त आकाशाच्या पातळीतली, आपल्याकडे येणारी गती यात धरलेलीच नाही.

अंबाझरी_आकाश

एक भर. अशी धार मधेच दिसेनाशी झाली तर संपली असं लगेच समजू नका, आधी रिंग थोडी फिरवा. ती आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर वेगाने जात असेल तर तिचा रंग किंचित सरकतो, सेकंदाला ५० किमीला एक अँगस्ट्रॉमच्या वर, आणि मग ती चिंचोळ्या पट्ट्याच्या बाहेर पडते. आज ९:४५ ला गेली ती खरंच खाली पडली की रंगाने निसटली हे आता सांगता येणार नाही, पुढच्या वेळी करून पहा. तुमच्या कागदावर प्रत्येक चित्राखाली रिंगची खूण पण लिहा.

विज्ञान दिनाला मी येतो, माझी पण दुर्बीण आणतो. पोरांना आयपीसवर बोलवायच्या आधी तो कागद दाखवा, काय शोधायचं ते माहीत असलं तर डोळ्याला सापडते.

प्रतापनगर_गच्ची

काका, नक्की या, साडेआठला शाळेच्या मैदानावर गवताच्या बाजूला लावतो. मुलीने आत्ताच १० सेंटीमीटरची चाळीस वर्तुळं काढायला घेतली आहेत.