ढगफुटी, अतिवृष्टी की वळीव?

विटेकर : काल चारच्या सुमारास तासाभरात ओढा रस्त्यावर आला. गावच्या ग्रुपवर लगेच 'ढगफुटी, ढगफुटी'. कोतवाल म्हणतो अतिवृष्टी, आई म्हणते वळीव. पाऊस एकच, मग शब्द कोणता धरायचा?

कृष्णाकाठ : अतिवृष्टी हा कचेरीतला शब्द. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीच्या वर गेला की कागदावर अतिवृष्टी. ढगफुटीला घड्याळ लागतं : हवामान खात्याच्या व्याख्येत तासाभरात 100 मिमी, तोही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर तासात नऊ हजार लिटर पाणी पडेल, असा. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिमी झाला, पण सरासरी काढा, तासाला 25 सुद्धा भरत नाही. नुसत्या दिवसाच्या आकड्यावरून ढगफुटी म्हणता येत नाही.

पाटणवाला : घाटातली तऱ्हाच निराळी. समुद्रावरचं ओलं वारं सह्याद्रीला थटतं, वर चढतं, गार होतं आणि रात्रंदिवस गळत राहतं. त्याला आम्ही झड म्हणतो. वळवाचं तसं नाही. दुपारपर्यंत रान तापतं, हवा खालून उसळते, ढग उभाच्या उभा चढतो. आधी वावटळ, मग टपोरे थेंब, कधी गारा. खालून येणारी हवा थेंब तोलून धरते, तिचा जोर सरला की सगळं एकदम खाली. फुटायला ढग म्हणजे काय पखाल आहे? आमची आजी 'आभाळ फाटलं' म्हणायची, ते निदान मराठी तरी होतं.

कृष्णाकाठ : आणि वळवाला 'अवकाळी' म्हणू नका. एप्रिल-मे हाच त्याचा काळ. तासगावात शेडवर बेदाणा असताना आला की शिव्या खातो, ते वेगळं.

हरिपूरचा : ऑगस्ट 2019 चा पूरही 'ढगफुटीचा' म्हणणारे भेटतात. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं ते कोयना-वारणेच्या खोऱ्यात दिवसामागून दिवस पडलेल्या पावसानं. तो महापूर. हा शब्द नदीचा, ढगाचा नव्हे.

विटेकर : आकडा आला. मंडळाच्या पर्जन्यमापकात 48 मिमी. म्हणजे आईचा वळीवच खरा. फक्त ते यंत्र आमच्या माळापासून आठ किलोमीटरवर आहे, आणि तिथल्या पोराचं म्हणणं, 'आमच्याकडं निम्मासुद्धा नव्हता राव.'