मदत हवी आहे: मिहानमधल्या विमान आणि संरक्षण कंपन्यांशी हिंगण्याच्या लहान युनिटांनी भागीदारी कशी करावी?

हिंगणा_मशीनशॉप

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. तीन व्हीएमसी (उभी संगणकनियंत्रित मिलिंग मशीन) आहेत, त्यातल्या एकावर चौथा अक्ष आहे. शिवाय दोन सीएनसी टर्निंग सेंटर आणि आयएसओ ९००१. सध्याचं काम मुख्यतः ट्रॅक्टर आणि खाणयंत्रांच्या सुट्या भागांचं. शेजारची चार युनिटं सोबत यायला तयार आहेत: वायरकट, शीटमेटल, ग्राइंडिंग आणि एक टूलरूम. पाचही जणांनी मिळून मिहानमधल्या (नागपूर विमानतळालगतचा उद्योग प्रकल्प) विमानभाग बनवणाऱ्या कंपन्यांकडे आणि अंबाझरी आयुध निर्माणीकडे काम मागावं, असा विचार आहे.

अडचणी अशा: सुरुवात कुठल्या कामापासून करावी? एएस ९१०० (विमान उद्योगाचं गुणवत्ता मानक) आधी घ्यावं की ऑर्डर मिळाल्यावर? पाच जणांनी कंपनी काढावी का? आणि सेझमधलं (विशेष आर्थिक क्षेत्र) जॉबवर्क बाहेर आणताना कागदपत्रं काय लागतात? अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं.

मोजणीकक्ष

भाऊ, पहिली गोष्ट ही की यंत्रांची यादी पाठवू नका. खरेदी विभागाकडे अशा याद्यांचा ढीग असतो आणि तीन व्हीएमसी सगळ्यांकडेच असतात. एक भागकुळ (एकसारख्या भागांचा गट) निवडा, उदाहरणार्थ ६०० मिमीपर्यंतचे अॅल्युमिनियम ब्रॅकेट, आणि त्यातला एक नमुना संपूर्ण पुराव्यासह तयार ठेवा. पुरावा म्हणजे एएस ९१०२ या विमान उद्योगातल्या मानकाप्रमाणे पहिल्या नगाची तपासणी. त्यात तीन फॉर्म असतात. पहिल्यात भाग क्रमांकांचा हिशेब, दुसऱ्यात कच्चा माल व विशेष प्रक्रियांची प्रमाणपत्रं, आणि तिसऱ्यात ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप क्रमांक देऊन प्रत्यक्ष आकड्यासह. नुसतं 'ओके' लिहिलेला रिपोर्ट तिथे चालत नाही. ड्रॉइंगवरच्या टिपांनाही क्रमांक द्यावा लागतो; 'धारदार कडा मोडा' ही टीपसुद्धा त्यात येते.

नागपुरात मोजमापाचं मोठं दुखणं तापमान आहे. मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. अॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. शॉपमध्ये ३८ अंश असताना ६०० मिमीचा भाग मोजला तर १८ अंशांच्या फरकाने तो जवळपास ०.२५ मिमी लांब भरेल. ड्रॉइंगवर ±०.०५ असेल तर चांगला भाग नाकारला जाईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे आखूड भाग पास होईल. डेझर्ट कूलर इथे उपयोगाचा नाही. मे महिन्यात तो थोडं तापमान उतरवतो, पण ओलावा वाढवतो आणि पावसाळ्यात त्याचं कामच होत नाही. सीएमएमची (त्रिमितीय मोजणी यंत्राची) खोली वेगळी, बंद आणि एसीची हवी. भाग धुऊन, कोरडा करून तिथे काही तास ठेवा आणि मगच मोजा. मशीनवरून काढलेला गरम भाग लगेच टेबलावर घेणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

गेज आर अँड आरही करा, म्हणजे मोजण्यामुळेच मापात किती फरक पडतो याची चाचणी. १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. १० ते ३० टक्के असेल तर ग्राहकाशी बोलून ठरवा, त्यापुढे असेल तर ती मोजणीपद्धतच बदला.

तासकाम

वरच्या उत्तरात एक भर. ट्रॅक्टरच्या कास्टिंगवरून विमानाच्या अॅल्युमिनियमवर जाताना भाग वाकण्याचा त्रास सुरू होतो. जाड प्लेटमधून पातळ भिंतींचा भाग कोरताना बहुतेक माल चिप होऊन जातो, आत कोंडलेला ताण सुटतो आणि क्लॅम्प काढताच भाग केळ्यासारखा होतो. म्हणून ७०५०-टी७४५१ किंवा ७०७५-टी७३५१ अशा ताणून ताण उतरवलेल्या टेम्परची (मिश्रधातूवर केलेल्या प्रक्रियेची अवस्था) प्लेट घ्या. रफिंग (पहिली जाड कटाई) दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून करा, सगळीकडे २ ते ३ मिमी माल ठेवा. मग क्लॅम्प सोडून भाग मोकळा होऊ द्या, बसण्याची बाजू पुन्हा सपाट करा आणि त्यानंतर फिनिशिंग करा. साध्या ७०७५-टी६च्या ठोकळ्यावर सराव करून 'आम्हाला जमत नाही' असं ठरवू नका, तिथे दोष मालाचा असतो.

हार्ड अॅनोडायझिंग (पृष्ठभागावर कठीण ऑक्साइडचा थर) असेल तर ड्रॉइंगवरचं माप कोटिंगआधीचं की नंतरचं, हे लेखी विचारा. ५० मायक्रॉनचा थर साधारण अर्धा आत आणि अर्धा बाहेर वाढतो. म्हणजे प्रत्येक पृष्ठभागावर २५ मायक्रॉन वाढ, आणि छिद्राचा व्यास ५० मायक्रॉनने कमी. फिटिंगचं छिद्र असेल तर तेवढं आधीच मोठं करावं लागतं.

अॅनोडायझिंग, हीट ट्रीटमेंट, पेनेट्रंट तपासणी (रंगद्रव्याने भेगा शोधणं) ही कामं ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे देऊ नका. बहुतेक विमान ग्राहक नॅडकॅप (अशा विशेष प्रक्रियांची विमान उद्योगातली मान्यता) मागतात, आणि वर त्यांची स्वतःची मंजूर यादी असते. कोटेशन देण्याआधी ती यादी मागा. प्रक्रिया करणारा दुसऱ्या शहरातला निघाला तर वाहतूक, पॅकिंग आणि रांगेतला वेळ दरात धरा. लहान युनिटांचं कोटेशन इथेच कोसळतं.

हिंगणा_मशीनशॉप

खूप उपयोगी. मग एएस ९१०० पाचही जणांनी घ्यायचं का? खर्च बराच होईल. आणि आधी घ्यायचं की नंतर?

बुटीबोरी_क्वालिटी

पाच जणांनी घ्यायची गरज नाही. एकाने मुख्य पुरवठादार व्हायचं, त्याच्याकडे एएस ९१००. बाकीचे चार त्याचे बाह्य पुरवठादार. मानकाच्या ८.४ कलमात हेच आहे. मात्र त्या चौघांना जाणाऱ्या प्रत्येक पी.ओ.वर (खरेदी आदेशावर) ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक, मालाचं स्पेसिफिकेशन, हीट नंबरचा (धातूच्या वितळणीचा क्रमांक) माग, बनावट मालाबद्दलची अट, नोंदी किती वर्षं ठेवायच्या, आणि ग्राहकाला व नियामकाला तपासणीसाठी येऊ देण्याचा हक्क एवढं लिहिलेलं हवं. वायरकटवाल्याने परस्पर दुसऱ्याकडे काम दिलं तर सगळी साखळी तुटते, म्हणून 'लेखी परवानगीशिवाय पुढे देऊ नये' हेही टाका.

आधी की नंतर? सुरुवात आजच करा, प्रमाणपत्राची तारीख मात्र ऑर्डरच्या अंदाजाने ठरवा. आयएसओ ९००१ असलेल्या युनिटला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं, कारण ऑडिटआधी अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापन आढाव्याचं एक पूर्ण चक्र झालेलं दाखवावं लागतं. दरम्यान फिक्स्चर, जिग, ड्रिल टेम्प्लेट, ट्रॉली, स्टँड ही कामं मागा. विमानात बसणाऱ्या भागाइतकं मान्यतेचं ओझं त्यांवर नसतं. मिहानमधल्या एमआरओकडेही (विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र) लहान युनिटाला हाच दरवाजा सोपा. विमानात बसणारा भाग मान्यताप्राप्त संस्थेच्या रिलीज सर्टिफिकेटशिवाय सहसा बसवता येत नाही, त्यामुळे तिथे थेट सुट्या भागांचं कोटेशन देऊन वेळ घालवू नका. जमिनीवरची उपकरणं आणि टूलिंग मागा.

प्रमाणपत्र देणारी संस्था निवडताना तिचं नाव आयएक्यूजीच्या (विमान उद्योगाचा आंतरराष्ट्रीय गुणवत्ता गट) ओएसिस डेटाबेसमध्ये आहे का ते पाहा. तिथे न दिसणारं एएस ९१०० प्रमाणपत्र ग्राहक मानत नाही. स्वस्तात मिळतं म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा.

कोण काय करतं हे माहीत असलेलं बरं. टाटांच्या मिहानमधल्या कारखान्यात बोइंग ७८७चे फ्लोअर बीम बनतात. दसॉल्ट रिलायन्सकडे फाल्कन २००० जेटचे भाग बनतात, आणि हे संपूर्ण विमान नागपुरात जुळवण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली आहे. अशी मोठी कंपनी नवा पुरवठादार घेताना भावाआधी जोखीम पाहते. त्यामुळे एखाद्या स्तर-१ (मोठ्या कंपनीला थेट देणारा) किंवा स्तर-२ (स्तर-१ला देणारा) पुरवठादाराच्या हाताखाली पहिले काही पार्ट नंबर करणं हा जास्त चालणारा रस्ता आहे.

चलान_रजिस्टर

सेझबद्दल. मिहानच्या सेझमधलं युनिट तुम्हाला बाहेर जॉबवर्क देऊ शकतं, पण परवानगी त्यांनी घ्यायची असते. सेझ नियम २००६ मधला नियम ४१ त्यासाठी आहे. माल १२० दिवसांत परत गेला पाहिजे; मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी स्पेसिफाइड ऑफिसरकडे (सेझमधला सीमाशुल्क अधिकारी) अर्ज. म्हणून बाहेरची अॅनोडायझिंगची रांग या १२० दिवसांत बसते का, हे आधीच मोजा.

चिपचा हिशेब वजनावर ठेवा. आलेला ठोकळा, गेलेला भाग, चिप आणि नाकारलेले नग यांची बेरीज जुळली पाहिजे. ही चिप तुमची नाही. ती परत जाते, किंवा शुल्क भरून काढली जाते. इतर भंगारात मिसळली की हिशेब कायमचा बिघडतो, म्हणून त्या मशीनची ट्रे आणि ड्रम वेगळे ठेवा.

स्वतःचा माल सेझला विकत असाल तर जीएसटीत पुरवठा शून्य दराचा. एलयूटी (कर न भरता पुरवठा करण्याचं हमीपत्र) आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच भरा आणि माल पोचल्याची सेझ अधिकाऱ्याची नोंद बिलावर घ्या. ती नोंद नसेल तर परताव्याला अडचण येते.

अंबाझरी आता यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये आहे. आयुध निर्माण्यांच्या २०२१च्या पुनर्रचनेतली ही सरकारी कंपनी, मुख्यालयही नागपुरातच. तिथे जेम (सरकारी खरेदीचं पोर्टल) आणि ई-निविदेचा रस्ता. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आणि क्लास-३ डिजिटल सही आधी तयार हवी. सूक्ष्म व लघु उत्पादकाला बयाणा रकमेतून सूट मिळते, पण उद्यममध्ये त्या उत्पादनाचा एनआयसी कोड (उद्योगप्रकाराचा क्रमांक) असला पाहिजे. ट्रॅक्टरच्या भागांचा कोड ठेवून तोफगोळ्याच्या भागांची निविदा भरली की तिथेच प्रश्न उभा राहतो.

हिंगणा_मशीनशॉप

पाच जणांची कंपनी काढायची का, हे राहिलं. आणि पेमेंट ९० दिवसांनी मिळतं असं ऐकतो, ते खरं का?

बुटीबोरी_क्वालिटी

उत्पादनासाठी आत्ताच कंपनी काढू नका. नव्या कंपनीला ताळेबंद नसतो, पुरवठादार मूल्यांकनात ती मागे पडते. वर सांगितलेली मुख्य पुरवठादाराची मांडणी करा आणि पाच जणांत एक लेखी करार करा: दर कोण ठरवणार, रिजेक्शन कुणाच्या टप्प्यावर झालं ते कसं ठरवायचं, फ्री इश्यू प्लेट (ग्राहकाने स्वतः पुरवलेला कच्चा माल) बाद झाली तर भरपाई कोण देणार, आणि ग्राहकाकडे परस्पर जायचं नाही. फ्री इश्यू प्लेटचं कलम सर्वांत महत्त्वाचं. एका प्लेटची किंमत तुमच्या मशीनिंगच्या दराच्या कितीतरी पट असू शकते, म्हणून दायित्वाला कमाल मर्यादा आणि विमा, दोन्ही बोलून घ्या.

सामायिक सीएमएम आणि तपासणी केंद्रासाठी मात्र वेगळी कंपनी लागते. केंद्राच्या एमएसई-सीडीपी योजनेत (सूक्ष्म व लघुउद्योगांच्या समूह विकासाची योजना) सामायिक सुविधा केंद्राला ५ ते १० कोटींच्या प्रकल्पासाठी ७० टक्के आणि १० ते ३० कोटींसाठी ६० टक्के केंद्रीय अनुदान आहे, पण पाच सदस्यांवर ते जमत नाही. हिंगणा आणि बुटीबोरीतली आणखी युनिटं जोडावी लागतील. आधी निदान अहवाल, मग विशेष उद्देश कंपनी, जमिनीची मालकी किंवा दीर्घ भाडेपट्टा, आणि मग सविस्तर प्रकल्प अहवाल. जमिनीचा कागद नसल्याने प्रस्ताव वर्षानुवर्षं पडून राहतात. सिव्हिल लाइन्सचं जिल्हा उद्योग केंद्र आणि सेमिनरी हिल्सवरचं केंद्रीय एमएसएमई कार्यालय, दोन्हींकडे चालू मार्गदर्शक सूचना मागा. तोवर मोजणी भाड्याने करून घ्या, पण प्रयोगशाळेच्या एनएबीएल मान्यतेच्या कक्षेत तुम्हाला हवं ते माप येतं का ते वाचून.

चलान_रजिस्टर

पेमेंट. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल आणि लेखी करार असेल तर कमाल ४५ दिवस, करार नसेल तर १५. एमएसएमईडी कायदा २००६ मध्ये हे आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. शिवाय आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्यांचाच लेखाविभाग फोन करतो. बिलावर उद्यम क्रमांक आणि वर्ग छापा. ग्राहक ट्रेड्सवर (बिलं वटवण्याचा ऑनलाइन मंच) असेल तर तिथे बिल टाकून पैसे लवकर उचलता येतात.

पण कायद्यातला दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. पहिल्या नगाची मंजुरी महिनोन् महिने चालली तर तुमचं घड्याळ सुरू व्हायलाच उशीर होऊ शकतो. म्हणून फिक्स्चर, प्रोग्रॅमिंग आणि पहिल्या नगाच्या तपासणीचा खर्च पी.ओ.मध्ये वेगळी ओळ म्हणून मागा, नगाच्या दरात मिसळू नका. आणि उत्पादन दोन वर्षं थांबलं, किंवा जागा, मशीन वा प्रोग्रॅम बदलला, की पहिल्या नगाची तपासणी पूर्ण किंवा अंशतः पुन्हा करावी लागते. त्या फेरीचे पैसे कोण देणार, हेही त्याच पी.ओ.त लिहून घ्या.