शनिवारी ‘मर्डर, शी सेड’: आधी पुस्तक की आधी सिनेमा? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

सेक्रेटरी: शनिवारचा सिनेमा ठरला. ‘मर्डर, शी सेड’, १९६१ सालचा, कृष्णधवल, जेमतेम दीड तासाचा. अगाथा ख्रिस्तीच्या ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ (१९५७) वरून. खुनांचा छडा लावणारी म्हातारी मिस मार्पल म्हणजे मार्गारेट रदरफर्ड. वाचनकट्ट्यावर पुस्तकाची एकच प्रत आहे, हवी असेल त्याने इथेच सांगा.

सी-७०१: काका, मला द्या. पण आधी वाचू की आधी बघू? दोन्हीकडे खुनी एकच असेल तर दुसऱ्या वेळेला काय उरलं?

ए-४०२: खुनी एकच आहे. तरी दोन्हीचा आनंद वेगळा, कारण सिनेमाने कोड्याची कुलूपकिल्लीच बदलली आहे. आधी बघून घे, मग वाच.

बी-२०४: उलट सांगताय, ताई. आधी वाच रे. सिनेमात पहिल्या दहा मिनिटांत काय कापलंय ते वाचल्याशिवाय कळणारच नाही.

सी-७०१: काय कापलंय? फार फोडू नका.

बी-२०४: सुरुवातीचंच सांगतो, त्याने काही बिघडत नाही. पुस्तकात खून मार्पल बघतच नाही. बघते तिची मैत्रीण, मिसेस मॅकगिलिकडी. नाताळची खरेदी आटोपून ती लंडनहून गाडीने निघालेली. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी त्याच दिशेने येते, क्षणभर दोन्ही गाड्या बरोबरीने धावतात, समोरच्या डब्यातला खिडकीचा पडदा फटकन वर जातो आणि आत एक माणूस एका बाईचा गळा आवळताना दिसतो. माणूस पाठमोरा. चेहरा दिसतो तो बाईचा. ही “पाठमोरा” गोष्ट लक्षात ठेव, पुढे तिच्यावरच सगळं उभं आहे.

डी-१०१: धावत्या गाडीतून एवढं दिसतं का पण? मला हे नेहमी ओढूनताणून वाटतं.

ए-४०२: काकू, दिसतं, पण गाड्या एकाच दिशेने असल्या तरच. हिशेब करा. कप्पा दोन मीटर रुंद धरला आणि दोन गाड्यांच्या वेगात ताशी ५ किलोमीटरचाच फरक असला, तर समोरचा कप्पा नजरेसमोरून सरकायला दीड सेकंद लागतो. फरक ताशी १ वर आला की सात सेकंद. त्याच गाड्या समोरासमोरून ताशी ६०-६० ने आल्या तर सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग, डोळ्याची पापणी लवते त्याहून कमी. दोन्हींची दिशा एक ठेवली इथेच ख्रिस्तीबाईंनी अर्धी लढाई मारली.

डी-१०१: बरं, हे पटलं.

सी-७०१: आणि सिनेमात?

बी-२०४: सिनेमात मैत्रीण गायब. गाडीत मार्पलच बसलेली, खून तीच बघते. हातात रहस्यकथेचं पुस्तक, त्यामुळे बाईला वाचता वाचता डुलकी लागली आणि स्वप्न पडलं असं सगळे धरून चालतात. पोलीस शोधतात, प्रेत ना गाडीत ना रुळांवर. मग ही आणि तिचा मित्र मिस्टर स्ट्रिंगर रेल्वेच्या कामगारांचा वेष करून रुळांवर उतरतात. हा स्ट्रिंगर पुस्तकात कुठेही नाही. सिनेमासाठी घडवलेला, आणि ते काम करणारे स्ट्रिंगर डेव्हिस हे रदरफर्डबाईंचे खरे यजमान.

सेक्रेटरी: अरे वा, हे माहीत नव्हतं.

ए-४०२: आता पुस्तकातली मार्पल काय करते ते बघा, कारण मला खरी गोडी तिथे आहे. म्हातारीचं शरीर थकलेलं, धावपळ जमणार नाही हे तिला पक्कं ठाऊक. नात्यातल्या रेल्वेत असलेल्या मुलाकडून गाड्यांची माहिती काढते, नकाशा मागवते, त्याच गाडीने स्वतः प्रवास करते आणि खिडकीबाहेर बघत राहते. प्रश्न एकच: गाडीतून प्रेत ढकलायचं, तेही कोणाला लगेच सापडणार नाही आणि मागाहून आपल्याला उचलता येईल असं, तर कुठे? ब्रॅकहॅम्पटन स्टेशनाच्या अलीकडे रूळ वळतात, गाडी मंदावते, उंच भराव आहे आणि भरावाखाली एका जुन्या वाड्याचं आवार. म्हणजे खुनी त्या वाड्याशी ओळख असलेला. एकही पाऊल त्या आवारात न टाकता इतकं काढलं!

ए-४०२: आणि मग पायांसाठी ती माणूस शोधते. ल्युसी आयलेसबॅरो, वय ३२, ऑक्सफर्डची गणितातली पहिल्या वर्गाची पदवीधर. घरकामाला चांगली माणसं मिळत नाहीत, मागणी भरमसाट, हे ओळखून तिने तोच धंदा निवडलेला. ती वाड्यात स्वयंपाक-साफसफाईला लागते, फावल्या वेळात गॉल्फचा सराव करतेय असं दाखवून भरावाच्या उतारावर चेंडू मारते. चेंडू शोधायला झुडपांत शिरायची सबब मिळाली ना. काटेरी झुडपात अडकलेला फरचा झुपका, पुढे एक पावडरची डबी.

सी-७०१: ल्युसीवर वेगळी मालिका निघायला हवी होती!

ए-४०२: आणि सिनेमाने तिलाच उडवलं. मार्पलच मोलकरीण होऊन वाड्यात शिरते. डोळे, डोकं, पाय, सगळं एकाच बाईकडे.

बी-२०४: पण ताई, दीड तासात दोन म्हाताऱ्या आणि एक ल्युसी कशी मावणार? पडद्यावर विचार करणारा माणूस दाखवता येत नाही, काम करणारा दाखवता येतो. रदरफर्ड ट्रे घेऊन जिन्यावरून उतरतात आणि खाट धरलेला म्हातारा मालक ओरडतो, तेव्हा दोघांत जी जुंपते ती पुस्तकात नाहीच. मार्पल पुस्तकात उंच, किडकिडीत, विणकाम करणारी. रदरफर्ड जाडजूड, हनुवटी पुढे, अंगाभोवती केप. मूळ मार्पल नव्हेच ती, पण बघवत राहते.

डी-१०१: लेखिकेला आवडलं का हे?

बी-२०४: सिनेमे आवडले नाहीत, नटी आवडली. १९६२ च्या पुस्तकाची अर्पणपत्रिका रदरफर्डबाईंच्या नावे आहे. नावडीचं कारणही आहे. याच रदरफर्ड-डेव्हिस जोडीचे पुढे तीन सिनेमे आले, त्यांतले दोन ख्रिस्तीच्याच दुसऱ्या गुप्तहेराच्या, पॉयरोच्या कादंबऱ्यांवरून, पॉयरो काढून मार्पल बसवलेली. चौथ्याला तर कादंबरीच नाही. चारांत मार्पलच्या कादंबरीवरचा हा एकटा.

सेक्रेटरी: आणि गंमत, पुस्तकात वाड्याचं नावच ‘रदरफर्ड हॉल’. सिनेमात ते बदललं, क्रॅकेनथॉर्प कुटुंबाचंही ॲकेनथॉर्प झालं.

ए-४०२: शेवटाबद्दल लिहितेय. सी-७०१, तू हा मेसेज सोड.
.
.
.
पुस्तकात मैत्रिणीने चेहरा पाहिलेला नाही, पाठ पाहिली आहे. मग ओळख पटवायची कशी? तीच आकृती पुन्हा उभी करून. मार्पल सगळ्यांदेखत घशात माशाचा काटा अडकल्याचं सोंग करते, संशयित तिच्यावर वाकतो, गळ्याशी हात नेतो, आणि नेमक्या त्या घटकेला मॅकगिलिकडी दारात येते. संशयित कोण ते तिला आधी सांगितलेलं नाही, म्हणून तिची साक्ष निर्मळ. आता सिनेमात साक्षीदार आणि सापळा लावणारी एकच बाई. तिने स्वतःच नाटक करून स्वतःच ओळखलं तर त्याला कोण विचारतो? म्हणून लेखकांना तो शेवट टाकावा लागला आणि त्या पावडरच्या डबीचं आमिष करून मार्पलला एकटीला खुन्यासमोर बसवावं लागलं. थरार वाढला, कोडं ढिलं पडलं. पहिल्या प्रसंगात एक पात्र काढलं, त्याची किंमत शेवटच्या प्रसंगात मोजली.

बी-२०४: हे मान्य. हात जोडले.

सी-७०१: मी वाचलं. राहवलं नाही.

डी-१०१: कर्माची फळं. आता पुस्तकच वाच, तुला अजून पैशाची भानगड कळायची आहे.

सी-७०१: काकू, तुम्हीही वाचलंय?!

डी-१०१: मृत्युपत्राचं प्रकरण दोनदा वाचलं. क्रॅकेनथॉर्पांच्या आजोबांनी बिस्किटांच्या धंद्यात पैसा केला आणि मुलावरचा विश्वास उडाल्याने मुलाला फक्त व्याज, मुद्दल नातवंडांना. मुलगा ल्यूथर मेला की वाटण्या. सेड्रिक, हॅरॉल्ड, आल्फ्रेड, एमा आणि मेलेल्या एडिथचा मुलगा अलेक्झांडर, पाच वाटे. पाचाचे चार झाले की प्रत्येकाचे विसाचे पंचवीस टक्के, तीन झाले की तेहतीस. कोण मेल्यावर कोणाचं किती वाढतं ते कागदावर मांडून वाचा, मगच विष कोणाच्या ताटात का गेलं त्याचा विचार करा.

ए-४०२: काकू, तुम्ही तर छुप्या मार्पल निघालात. याच साच्यातला बंगाली सिनेमाही आहे, पण दुसऱ्या मार्पल-कादंबरीवरचा: ऋतुपर्ण घोषांचा ‘शुभ महूरत’, २००३. राखी घरात बसलेल्या रांगा पिशीमा (पिशीमा म्हणजे आत्या) आणि नंदिता दास बाहेरून बातम्या आणणारी भाची. तिथे डोकं आणि पाय वेगळे ठेवलेत, म्हणून मला तो ख्रिस्तीच्या जास्त जवळचा वाटतो. राखीला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

सेक्रेटरी: पुढच्या महिन्यासाठी नोंद केली. शनिवारी एक बघा, जोन हिक्सन या सिनेमात मिसेस किडरच्या छोट्या भूमिकेत आहेत. बीबीसीच्या मालिकेत १९८४ पासून मार्पल त्याच झाल्या. आणि सबटायटल लावणार आहे, म्हाताऱ्याची बडबड फार भरभर आहे.

सी-७०१: मी पुस्तकातली वंशावळ कागदावर काढून कट्ट्यावर लावतो. पाच नावं ना?

डी-१०१: सहा. एडमंड युद्धात मेला म्हणून खोडू नकोस. त्याची विधवा म्हणवणाऱ्या मार्टिनचं पत्र येतं, मूल असल्याचं सांगते. ते खरं निघालं तर वाटे पुन्हा सहा, आणि वाडाही त्या पोराचा.