राजाचा डॉक्टर, राजाची सही: स्ट्रुएन्झेला हुतात्मा म्हणायचं का?

खाष्ट_वाचक

डेन्मार्कचा राजवैद्य योहान फ्रीडरिश स्ट्रुएन्झे म्हणजे प्रबोधनयुगाचा हुतात्मा, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. पुरोगामी डॉक्टर, राणीशी प्रेमप्रकरण, सनातनी दरबार, शेवटी शिरच्छेद. मसाला भरपूर. मला हा माणूस कधीच पटला नाही, आणि राणीच्या भानगडीशी मला काही देणंघेणं नाही. माझा आक्षेप त्याने पेशंटचं काय केलं यावर आहे.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १७३७, हाल्लेचा, वडील पाद्री. १७५७ मध्ये ऐन विशीत वैद्यकीची पदवी. मग हॅम्बुर्गला खेटून असलेल्या, पण तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे असलेल्या आल्टोनात दहाएक वर्षं सरकारी डॉक्टर. गोरगरिबांवर उपचार केले, इथवर माझी काही तक्रार नाही. १७६८ मध्ये तरुण राजा सातवा क्रिस्टियन युरोपच्या दौऱ्यावर निघाला, सोबत डॉक्टर हवा होता, ओळखीपाळखीने याची वर्णी लागली. राजाला भास व्हायचे, संताप आवरायचा नाही, स्वतःला इजा करून घ्यायचा. स्ट्रुएन्झेने त्याला दौऱ्यात बऱ्यापैकी सांभाळलं आणि जानेवारी १७६९ मध्ये तो राजवैद्य झाला.

आता पुढचं बघा. डिसेंबर १७७० मध्ये राजाचं सल्लागार मंडळ बरखास्त. १४ जुलै १७७१ रोजी डॉक्टरसाहेब मंत्री, आणि त्यांची सही म्हणजे राजाचीच सही असा हुकूम. आठवड्याभरात सरदारकीसुद्धा. हे कागद कोणी मंजूर केले? ज्याच्या डोक्याची अवस्था अख्ख्या राज्यात स्ट्रुएन्झेइतकी कोणालाच ठाऊक नव्हती, त्या राजाने. आज एखाद्या डॉक्टरने भ्रमिष्ट पेशंटकडून स्वतःच्या नावे मुखत्यारपत्र करून घेतलं, तर त्या पैशातून दवाखाना बांधला म्हणून आपण त्याचा सत्कार करू का?

उत्तरध्रुव

दवाखान्याची उपमा झकास, पण त्याने काय काय केलं ते सोयीस्करपणे गाळलंत. सप्टेंबर १७७० मध्ये छापण्यापूर्वीची सेन्सॉरशिप साफ रद्द. यासाठी फ्रेंच लेखक व्होल्तेअरने राजावर कविता लिहिली. आरोपीचा छळ करून कबुली घेणं बंद. चोरीला देहदंड होता, तो बंद. सरदारांच्या हुजऱ्यांना बक्षीस म्हणून सरकारी नोकऱ्या मिळायच्या, त्या बंद. जमीनदाराकडे शेतकऱ्याने करायच्या वेठीला मर्यादा. हजारावर हुकूम, सरासरी काढली तर दिवसाला तीन. हे घरावर कब्जा करणाऱ्याचं लक्षण नाही.

दुसरं, पर्याय काय होता ते सांगा. १६६५ च्या राजकायद्याने सगळी सत्ता एका माणसाच्या हाती दिलेली. तो माणूस वेडा निघाला तर काय, याची सोयच नाही. म्हणजे हात राजाचा आणि हलवणारा दुसरा, हे ठरलेलंच. स्ट्रुएन्झेच्या आधी मंत्री बेर्नस्टॉर्फ होता, नंतर त्याला पाडणाऱ्या कटातला गुल्बर्ग आला. गुल्बर्गने त्याच राजाच्या सहीवर बारा वर्षं, १७८४ पर्यंत, गाडा हाकला. त्याच्यावर असा धागा कोणी काढत नाही.

खाष्ट_वाचक

गुल्बर्ग डॉक्टर नव्हता.

मुद्द्याचं_बोला

दोघेही राजधानी कोपनहेगनच्या सामान्य माणसाला विसरताय. हा गडी हुकूम जर्मनमध्ये काढायचा, डॅनिश शिकायची तसदी घेतली नाही. नाताळ, ईस्टर वगैरे सणांच्या जास्तीच्या सुट्ट्या कापल्या. (सुट्टी कापणाऱ्या सरकारबद्दल लोकांना काय वाटतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको.) राजाच्या रक्षक पायदळाची तुकडी मोडीत काढली, तर ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबर १७७१ ला सैनिक बिथरले आणि याला माघार घ्यावी लागली.

आणि ते छपाईचं स्वातंत्र्य? लोकांनी ते पहिलं वापरलं ते याच्यावर चिखलफेक करायला. राणीवर, बिछान्यावर, काय वाटेल ते छापलं. मग ऑक्टोबर १७७१ मध्ये नवा हुकूम: पत्रकावर लेखकाचं किंवा छापणाऱ्याचं नाव हवंच. वर्षभरातच विकेट. अटकेची बातमी फुटली तेव्हा गावाने दिवे लावले आणि कुंटणखाने लुटले. हुतात्म्याला असा निरोप मिळत नाही.

पुणेरी_पाटी

हुतात्म्याला असाच निरोप मिळतो. नंतर पुतळे होतात.

रात्रपाळी

पेशाने डॉक्टर आहे, म्हणून राहवलं नाही. स्ट्रुएन्झे वैद्य म्हणून लेचापेचा नव्हता. मे १७७० मध्ये त्याने दोन वर्षांच्या युवराजाला देवी टोचल्या. ही देवीची लस शोधणाऱ्या जेनरच्या आधीची गोष्ट. गायीची लस नव्हती, खऱ्या देवीच्या फोडातला पू घेऊन निरोगी मुलाच्या कातडीखाली घालायचा आणि मुलाला सौम्य देवी येण्याची वाट बघत बसायची. शंभरातलं एखाददुसरं दगावायचं. राजाच्या एकुलत्या मुलावर हे करायला हिंमत लागते. मूल वाचलं. राणीचा विश्वास बसला तो तिथे. त्या आजारपणात दोघं रात्रंदिवस त्याच्या उशाशी होते. कॅरोलिन माटिल्ड तेव्हा अठरा वर्षांची, इंग्लंडच्या राजाची बहीण, पंधराव्या वर्षी या लग्नात ढकललेली.

पण धागालेखकाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, जी दोन्हीकडून सुटली आहे. सुरुवातीला स्ट्रुएन्झे राजावर खरोखर उपचार करत होता: थंड पाण्याने अंघोळ, मोकळी हवा, व्यायाम. त्या काळात याहून फारसं काही हातात नव्हतंच. १७७१ उजाडेपर्यंत मात्र तो हुकूम काढण्यात इतका बुडाला, की राजाकडे बघायला दुसऱ्यांना ठेवावं लागलं. राजाचा जुना शिक्षक, स्वित्झर्लंडचा रेव्हरडिल, याला मुद्दाम परत बोलावलं. दुसरा सोबती ब्रांट, दरबारी माणूस, वैद्यकीशी संबंध शून्य. एकदा राजाने त्याचा अपमान केला, तेव्हा या ब्रांटने बंद खोलीत राजाला बदडलं आणि त्याच्या बोटाला चावला. पुढे त्याचं डोकं उडालं ते याच आरोपाखाली. मनोरुग्ण पेशंट, आणि सांभाळणारा त्याला चावतो! माझ्या लेखी स्ट्रुएन्झेचा गुन्हा सही घेण्याचा नाही. त्याने पेशंट सोडला. मंत्री व्हायचं होतं तर राजाला दुसरा डॉक्टर तरी द्यायचा.

उत्तरध्रुव

रात्रपाळी, पेशंट सोडल्याचा मुद्दा मान्य. तो बिनतोड आहे. पण खाष्ट_वाचक, तुमच्या सहीच्या मुद्द्याचं काय ते ऐका.

१६ जानेवारी १७७२ ची रात्र. राजवाड्यातल्या नाट्यगृहात मुखवट्यांचा नाच झाला. पहाटेच्या सुमारास सावत्र राजमाता युलियाना मारिया, तिचा मुलगा, गुल्बर्ग आणि काही लष्करी अधिकारी राजाच्या शयनगृहात घुसले. राजाला झोपेतून उठवलं, भेदरवलं आणि अटकेच्या कागदांवर त्याच्या सह्या घेतल्या. राणी क्रोनबोर्गच्या किल्ल्यात, स्ट्रुएन्झे बेड्यांत. आरोप काय? राजाचे अधिकार बळकावले! बळकावलेल्या सहीने!

एप्रिलमध्ये देहदंडाच्या निकालावरही राजाचीच सही. २८ तारखेला हजारोंच्या गर्दीसमोर आधी उजवा हात तोडला, मग डोकं, मग धडाचे चार तुकडे करून चाकावर. १६८३ च्या कायद्यात राजद्रोहाला हीच शिक्षा लिहिलेली होती. १७७५ मध्ये राजाने स्ट्रुएन्झेचं एक चित्र काढलं आणि त्यावर लिहिलं, की हे माझ्या इच्छेने झालं नाही, मला दोघांनाही (स्ट्रुएन्झे आणि ब्रांट) वाचवायचं होतं. पेशंटचं मत विचारायचंच असेल तर ते हे आहे.

खाष्ट_वाचक

चित्राची गोष्ट हेलावणारी आहे, मान्य. पण आपला गैरफायदा घेणाऱ्यावर पेशंटने जीव लावणं यात नवल काय? रात्रपाळींनीच सांगावं. आणि कटवाल्यांचा बचाव मी केलेलाच नाही. ते चोर म्हणून हा साव, हे गणित मला जमत नाही.

शिवाय टिकलं काय ते बघा. चार भिंतींआड काढलेले हुकूम गुल्बर्गने भराभर फिरवले. उलट १७७६ मध्ये कायदा आला, की सरकारी पदं देशात जन्मलेल्यांनाच. शेतकऱ्याला जमीनदाराच्या गावाशी बांधून ठेवणारी पद्धत मोडली ती १७८८ मध्ये, आधी आयोग नेमून, वादविवाद करून. ती मोडली ती मोडलीच.

मुद्द्याचं_बोला

आता कोणी यात पेशवाई आणू नका, धागा दोनशेवर जाईल.

उत्तरध्रुव

१७८८ म्हणता, तर त्या आयोगाचं सरकार आलं कसं तेही सांगा की. एप्रिल १७८४ मध्ये सोळा वर्षांच्या युवराजाने भर बैठकीत बापापुढे कागद ठेवला, गुल्बर्गच्या माणसांना हटवण्याचा. सातव्या क्रिस्टियनने सही केली. युवराज म्हणजे तोच, देवी टोचलेला. हा कागद तुमच्या हिशोबात वैध की अवैध?

खाष्ट_वाचक

मुलगा आणि डॉक्टर यांत फरक आहे. मुलाने बापाला बरं करायची फी घेतलेली नसते.