मदत हवी आहे : एक्स-मेनच्या टीममध्ये नक्की कोण कोण? (अर्जंट)

कातळ :
नमस्कार मंडळी. एम.ए.च्या पेपरला एक्स-मेन (मार्वलचे सुपरहिरो) आणि वर्णद्वेष असा विषय घेतलाय, परवा गाईडना दाखवायचाय आणि टीमच्या यादीवरच गाडी अडलीये. मी वाचतोय त्यात सायक्लॉप्स नाही, जीन ग्रे नाही, टीम उभी करणारा प्रोफेसर झेवियर तर कुठेच नाही, आणि नेटवर बघावं तिथे यादीत हेच सगळ्यात वर. मग हे आठ जण कोण आणि सगळं जग यांना मेलेलं का समजतंय? कोणीतरी सरळ यादी द्या आणि त्यामागचं राजकारण दोन ओळीत सांगा प्लीज.

रानभूल :
कुठल्या सालचा अंक ते सांगा ना आधी. १९६३ ला पाच जण होते, सायक्लॉप्स, जीन, बीस्ट, एंजल, आइसमॅन, सगळे गोरे अमेरिकन. १९७५ ला लेन वीन आणि डेव्ह कॉक्रमने टीमच बदलली, केनियाची स्टॉर्म, रशियाचा कोलोसस, जर्मनीचा नाइटक्रॉलर, कॅनडाचा वुल्व्हरिन, आयर्लंडचा बॅन्शी, जपानचा सनफायर, अपाची थंडरबर्ड. यातला सनफायर लगेच निघून गेला आणि थंडरबर्डला दोन-तीन अंकांत मारून टाकला, म्हणजे नवीन घेतलेला मूळनिवासी माणूसच पहिला गेला, हे तुमच्या पेपरात यायलाच हवं. १९९१ ला परत ब्लू आणि गोल्ड अशा दोन टीम झाल्या. तुमचा अंक यातला कुठला?

चहाबाज :
सिनेमे रिलीजच्या क्रमाने बघा, २००० चा पहिला, मग बाकीचे, सगळं आपोआप कळतं.

मधुकाका :
कातळ, राजकारणच हवं असेल तर एक्स-मेन सोड आणि मार्वलचंच सिव्हिल वॉर घे. २००६-०७, मार्क मिलर, सात अंक. स्टॅमफर्डला स्फोट होतो, सरकार म्हणतं सुपरहिरोंनी नोंदणी करा, आयर्न मॅन सरकारच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात, स्पायडरमॅन मधेच बाजू बदलतो. ९/११ नंतरचे कायदे डोळ्यासमोर ठेवून वाच. मी दोनदा वाचलंय, पेपर एका रात्रीत होईल.

कातळ :
काका, विषय मंजूर झालाय, आता बदलता येत नाही. आणि सिनेमा नाही हो, कॉमिक्स! एक बेट आहे, श्रीमंत देश, तिथे म्युटंट्सना, म्हणजे एक्स-मेनसारख्या जन्मजात शक्ती असलेल्यांना, गुलाम करून राबवतात. टीम ऑस्ट्रेलियात राहते. आता तरी सांगा.

रानभूल :
अहो, ते बेट म्हणजे जेनोशा! हे पहिल्या ओळीत असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. अनकॅनी एक्स-मेन २३५ ते २३८, साल १९८८, लेखक ख्रिस क्लेअरमाँट. टीम : स्टॉर्म (नेता), वुल्व्हरिन, रोग (Rogue), कोलोसस, सायलॉक, डॅझलर, हॅव्हॉक, लाँगशॉट. सोबत मॅडलिन प्रायर, ती टीममध्ये नाही पण कॉम्प्युटर तीच बघते. त्याआधी डॅलसला हे सगळे मरून परत आले, टीव्हीवर अख्ख्या जगाने त्यांचं मरण पाहिलं, आणि आता कॅमेऱ्यात ते दिसतच नाहीत. सायक्लॉप्स, जीन आणि बाकीचे जुने तेव्हा एक्स-फॅक्टर या वेगळ्या मासिकात. झेवियर अंतराळात. किटी आणि नाइटक्रॉलर जखमी होऊन पुढे इंग्लंडमध्ये एक्सकॅलिबर या दुसऱ्या टीमला. झाली यादी.

शेवंती :
यादीच राजकारण आहे ना इथे. जेनोशाला जाणारी टीम बघा, कुठल्याही सरकारच्या कागदावर नसलेली माणसं, घरदार नाही, आणि पुढारी आफ्रिकेत वाढलेली काळी बाई. तिला अमेरिका सरकारचा निरोप आणायचा नाहीये, कुणाची परवानगी घ्यायची नाहीये. हीच गोष्ट सायक्लॉप्सला पुढे ठेवून लिहिली असती तर 'आम्ही येऊन सोडवलं' अशी झाली असती.

मधुकाका :
ताई, एवढा अर्थ नका काढू. सायक्लॉप्स नाही कारण १९८६ ला संपादकांनी जुने पाच जण उचलून एक्स-फॅक्टर काढलं, क्लेअरमाँटला ते अजिबात पटलं नव्हतं. उरले त्यांच्यावर टीम चालवली. धंद्याचा निर्णय तो, आणि मुलांच्या कॉमिकमध्ये कशाला हवंय राजकारण.

शेवंती :
काका, कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या तोंडावर ठोसा मारतोय, मार्च १९४१, अमेरिका युद्धात उतरायच्या आधी. निर्णय धंद्याचा असेल, पण हाती उरलेल्या माणसांतून लेखकाने काय उभं केलं ते बघायचं की नाही? १९८६ ला रेगनचा नकाराधिकार डावलून अमेरिकन काँग्रेसने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घातले, आणि दोन वर्षांत ही गोष्ट आली. वाचणाऱ्याला बरोबर कळत होतं कोणाबद्दल चाललंय. पण माझी तक्रार वेगळी आहे. गोष्ट वर्णद्वेषाची आणि जिच्यासाठी आपला जीव तुटतो ती जेनी रॅन्सम गोरी. केस काढलेले, अंगाला कायमचा चिकटवलेला सूट, नावाऐवजी नंबर, हे सगळं तिच्यावर येतं तेव्हा फिलिप मोरो, म्हणजे तिच्याशी लग्न ठरलेला मुलगा, पहिल्यांदा विचार करायला लागतो. त्याचा बापच हे सगळं चालवणारा शास्त्रज्ञ, घरात आयुष्यभर म्युटेट (गुलाम केलेल्या म्युटंट्सचं तिथलं नाव) राबताना बघितलेत त्याने. काळ्या माणसाचं दुःख गोऱ्या चेहऱ्याने का सांगायचं? कातळ, हा प्रश्न पेपरात घ्याच.

रानभूल :
हे पटलं. अजून एक घ्या, जेनोशासाठी पळालेल्यांना पकडून आणणारा पाइपलाइन स्वतः म्युटंट आहे. रोग आणि वुल्व्हरिनची शक्ती काढून घेणारा वाइपआउटपण. सरकारी नोकरीतले म्युटंट. मला तरी या गोष्टीत सगळ्यात खरं हेच वाटतं.

चहाबाज :
आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ होता, डेंकालीचं जंगल, सगळे काळे लोक आणि राखणदार गोरा. तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही.

शेवंती :
वेताळावर वेगळा धागा काढा चहाबाज, मी येते तिथे, खूप बोलायचंय.

कातळ :
यादी मिळाली, खूप खूप आभार रानभूल. जेनीचा मुद्दा घेतोच ताई. आता शेवटचं, गाईडना झेवियर म्हणजे मार्टिन ल्युथर किंग आणि त्याचा विरोधक मॅग्निटो म्हणजे जहाल काळा नेता माल्कम एक्स ही तुलना हवीये. या काळात मॅग्निटो तर व्हिलन दिसतच नाही?

रानभूल :
नाहीच. १९८५ ला, २०० व्या अंकात, झेवियर आपली म्युटंट मुलांची शाळा त्याच्यावर सोपवून गेला, जेनोशाच्या वेळी न्यू म्युटंट्सची (म्हणजे तिथल्या मुलांची) शाळा तोच बघतोय. आणि किंग-माल्कम तुलना जपून वापरा. क्लेअरमाँट तरुणपणी इस्रायलमध्ये किबुत्झवर (सामूहिक शेतीच्या वस्तीवर) राहिला होता आणि मॅग्निटोच्या संदर्भात त्याने नाव घेतलंय मेनाकेम बेगिनचं, आधी बंदूकवाला, नंतर इस्रायलचा पंतप्रधान. १५० वा अंक बघा, १९८१. मॅग्निटो किटी प्राइडवर वार करतो, मग बघतो तर समोर पडलेली एक लहान ज्यू मुलगी, आणि तो स्वतः ऑशविट्झमधून वाचलेला. तिथेच हात थांबतो त्याचा. तुलना करायचीच तर त्या पानापासून सुरू करा.

मधुकाका :
तो अंक वाचलाय मी. ते पान जबरदस्त आहे, मान्य.

कातळ :
हे गाईडना दाखवलंच पाहिजे. १५० वा छापील कुठे मिळेल? पुण्यात कोणाकडे आहे का? उद्या संध्याकाळपर्यंत हवाय.

शेवंती :
संग्रहात आहे माझ्याकडे, कोथरूडला. व्यनि (खाजगी निरोप) करा, पण पुस्तक परत हवंय.