खिशातली वही: एका पडद्याची घडी की दोन पानांची बांधणी?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)
थेट मुद्द्यावर येतो. हाताने टिपणं काढायला पुढे जे खिशातलं यंत्र येईल ते घडीचं असेल आणि आतला पडदा एकसंध असेल. कारण मापात आहे. ए-५ कागद १४८ × २१० मिमी, कर्ण साधारण १०.१ इंच. मधोमध घडी घातली की ए-६, म्हणजे १०५ × १४८ मिमी, कर्ण ७.१ इंच. या कागदांच्या बाजूंचं प्रमाण १ : १.४१४ असल्यामुळे अर्धं केलं तरी आकार तोच राहतो. बाहेरच्या पडद्यावर खरडलेलं पान आत उघडलं की न ताणता, बाजूला काळे पट्टे न येता मोठं होतं. आजचे घडीचे फोन मुळात फोन आहेत: बाहेरून उभट, आतून जवळजवळ चौरस. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही आकार वाया.

माझी मागणी: उघडल्यावर जाडी ५ मिमीच्या आत, बॅटरी नसलेलं पेन, ते ठेवायला बिजागरीच्या पाठीला खाच. कॅमेरा अजिबात नको. पाठीवर उंचवटा असला की टेबलावर प्रत्येक काना देताना यंत्र डुगडुगतं.

टाकदौत
असहमत. माप झकास आहे, पण पेन टेकणार कशावर ते बघा. वाकणाऱ्या थरावरचा ताण ढोबळमानाने जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. ३० मायक्रॉनची काच १.५ मिमी त्रिज्येत वाकवली तर ताण १ टक्का. अर्ध्या मिमीची काच तशीच वाकवू म्हटलं तर १६ टक्क्यांच्या वर, म्हणजे त्याच्या कितीतरी आधी तडकणार. म्हणून काच केसापेक्षा पातळ, तिच्यावर प्लास्टिकची फिल्म, खाली मऊ डिंकाचे थर. लिहिताना पेनाच्या टोकावर १०० ते २०० ग्रॅम भार येतो आणि टोक जेमतेम मिलिमीटरभर. हा सगळा भार त्या मऊ थरांवर. नखाने व्रण उठतो तिथे निबाचं काय सांगायचं?

सॅमसंगने २०२१ मध्ये फोल्ड ३ या घडीच्या फोनला पेन दिलं, तेव्हा दाब वाढला की आत सरकणारं मऊ टोक त्यासाठी वेगळं बनवावं लागलं. २०२५ च्या फोल्ड ७ मधून पेनाचा आधारच काढून टाकला. उघडलेली जाडी ४.२ मिमी झाली. जाडी की पेन, याचं उत्तर बाजाराने दिलेलं आहे.

आणि क्रीज, म्हणजे घडीच्या जागी पडद्यावर पडणारा चर. देवनागरीत लिहिणाऱ्याला ती रोमन लिहिणाऱ्यापेक्षा जास्त छळणार. तिथे तुटक अक्षरं येतात, मधली जागा नेमकी क्रीजवर आली तर सुटलात. आपली शिरोरेघ एका दमात आडवी जाते. निब चरात उतरतं तेव्हा भार कमी होतो, रेघ बारीक पडते; चढताना भार वाढतो, रेघ जाड होते. ‘महाराष्ट्र’ लिहिलं तर ‘रा’च्या डोक्यावर रेघेला पोट आलेलं दिसेल.

चुंबकसूची
दोघांचंही अर्धंअर्धं बरोबर. रेघ बिघडते ती फक्त खळग्यामुळे नाही.

बॅटरी नसलेलं पेन म्हणजे ईएमआर, विद्युतचुंबकीय अनुनादावर चालणारं. पडद्याच्या मागे तारांच्या वेटोळ्यांची पाटी असते. ती चुंबकीय क्षेत्र सोडते, पेनातली कॉइल त्यावर अनुनाद करते आणि कुठल्या वेटोळ्यात किती सिग्नल परत आला त्यावरून जागा ठरते. घडीच्या यंत्रात इथे तीन ठिकाणी घोळ होतो. पाटी दोन तुकड्यांत केली की सांध्याजवळ एका बाजूची वेटोळीच नसतात. हिशोब एकीकडे ओढला जातो आणि रेघेला पायरी पडते. दुसरं, पडद्याला आधार द्यायला धातूचा पत्रा घातला तर तो क्षेत्र खातो, म्हणून तिथे कार्बन फायबरसारखं काहीतरी लागतं. तिसरं लोक विसरतात: बंद झाल्यावर दोन अर्धे चिकटून राहावेत म्हणून कडेला लोहचुंबक बसवतात. त्यांच्या आसपास पेन एकतर सरकलेलं दिसतं नाहीतर गायब होतं. इथे चुंबकाऐवजी साधी यांत्रिक खिट्टी हवी. स्वस्तही पडेल.

दुसरा मार्ग पडद्याच्या स्पर्शजाळीवर चालणाऱ्या पेनाचा. जाळी पडद्याबरोबरच वाकते, त्यामुळे सांधा नाही. पण पेनाला बॅटरी लागते, आणि जाळीच्या पट्ट्या साधारण ४ मिमी अंतरावर असल्याने मधली जागा अंदाजाने काढावी लागते. तिरपी रेघ सावकाश ओढली की त्यामुळेच ती लाटांसारखी येते.

पुठ्ठाबांधणी
मग एकसंध पडद्याचा हट्ट कशाला? दोन ई-पेपर (कागदासारखा दिसणारा पडदा) पानं घ्या, मधे पुस्तकासारखी बांधणी. डावीकडे वाचायचं, उजवीकडे लिहायचं. अंगावर काच नाही: सोनीने २०१४ मध्ये प्लास्टिक पाठीचा १३.३ इंची ई-पेपर विकायला आणलाच होता. चित्र नुसतं टिकवायला वीज लागत नाही. शिवाय ई-पेपरला उजेड कडेच्या दिव्यांतून, वरच्या पारदर्शक पत्र्यातून येतो. तो पत्रा घडीत वाकवला की वाकणाऱ्या जागी उजेड गळतो आणि मधोमध उजळ पट्टा दिसतो. दोन पानांना दोन पत्रे दिले की प्रश्न संपला. उलटं, पूर्ण ३६० अंश फिरवलं तर एका हातात ए-६ राहतं.

बोरूबहाद्दर
कल्पना जुनीच. मायक्रोसॉफ्टचा कुरियर दोन पानांचाच होता, २०१० मध्ये बाजारात येण्याआधी गुंडाळला. २०२० मध्ये सरफेस ड्युओ आला, ५.६ इंचांचे दोन पडदे; दुसऱ्या आवृत्तीनंतर मालिका थांबली. फटीवरून आकृती किंवा तक्ता काढता येत नाही. डावखुऱ्याने उजव्या पानावर लिहायला घेतलं की बिजागरीची कड मनगटाच्या आड येते. आणि ई-पेपरचा वेग? रीमार्केबल २ या ई-पेपर वहीचा विलंब २१ मिलिसेकंद. सेकंदाला १० सेमी वेगाने रेघ ओढली तर शाई निबाच्या २ मिमी मागे. रंग हवे असतील तर कॅलिडो ३ या रंगीत ई-पेपरचं रंगीत रेझोल्यूशन १५० पीपीआय (इंचाला ठिपके), काळ्यापांढऱ्याच्या निम्मं.

पुठ्ठाबांधणी
२ मिमी मागे राहिलेली शाई डोळ्याला दिसते, हाताला कळत नाही. चरात निब पडलं की ते हाताला कळतं. टिपणं घेताना माणूस शब्दाच्या शेपटीकडे बघत बसत नाही, चित्रकार बघतो. रीमार्केबल पेपर प्रो १२ मिलिसेकंदांवर आला आहे, तेव्हा हा मुद्दा फार दिवस चालणार नाही.

चुंबकसूची
थांबा, शिरोरेघेचा प्रश्न यंत्र नुसतं फिरवून सुटतो. ए-६ पुस्तकासारखं उघडलं की पान आडवं, २१० मिमी रुंद, आणि क्रीज उभी: प्रत्येक ओळ ती ओलांडणार. तेच ९० अंशांत फिरवा. पान उभं होतं आणि क्रीज आडवी, ओळींना समांतर. ८ मिमी ओळीचं कोष्टक असं सरकवायचं की क्रीज बरोबर दोन ओळींच्या मधे येईल. शिरोरेघ तिला शिवतच नाही. उकार आणि रफार मात्र मधल्या जागेत घुसतात, म्हणून तिथे एक ओळ कोरी सोडा. २६ पैकी एक गेली तर काय बिघडलं?

त्यासाठी बिजागरी मात्र वेगळी लागते. खालचा अर्धा हातात धरून वरच्या टोकाला लिहिलं तर तळहाताचा भार सोडून नुसत्या पेनाचा जोर २ न्यूटन × १० सेमी, म्हणजे ०.२ न्यूटन-मीटर. फोनसारखी कुठल्याही कोनात घर्षणाने थांबणारी बिजागरी त्यात कचरते. १८० अंशांना धातूचा पक्का अटकाव हवा.

टाकदौत
हे पटलं. पण फिल्मचं काय? तिची कड क्रीजच्या दोन टोकांपासून सुटायला लागते, आत धूळ जाते, मग तिथेच फुगवटा येतो. घडीचा आयुष्याचा दावा २ लाख वेळांचा असेल तर दिवसाला १०० प्रमाणे साडेपाच वर्षं. फिल्म तेवढी टिकणार नाही, आणि रोज चार पानं लिहिणाऱ्याच्या हातात तर नाहीच. फिल्म घरी बदलता येणार असेल, चौकट खाचेत बसवून, डिंकाने नव्हे, तर मी घडीच्या बाजूने.

बोरूबहाद्दर
खाचेतली फिल्म घडीत सरकेल, तिला ढिलाई द्यावी लागेल. मग निबाखाली ती फुगणार नाही का?

टाकदौत
फुगेल. एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगने ताणलेली ठेवावी लागेल. स्प्रिंगला जागा लागणार, म्हणजे कडेला अर्धा-एक मिमी गेलाच. तुमच्या ५ मिमीतून तो कुठून काढायचा ते तुम्ही सांगा.